कॅमेऱ्यात न आलेला माळढोक

आधीच सांगते, या भुताखेतांच्या ग्रुपवर मी फक्त वाचायला यायचे... तेही हसायला. मी बॉटनी शिकलेली. भूत, भास, चकवा, यातलं काहीच मला पटत नाही. पण गेल्या नोव्हेंबरात दिवसाढवळ्या, पाच जणांच्या डोळ्यांसमोर जे घडलं ते आज इथं लिहितेय. भीतीनं नाही हं, आनंदानं!

मी इंदापूर तालुक्यात माळरानावर लोकांना फिरवते, गाईड म्हणून. बारामतीहून येताना भवानीनगर मागं पडलं की काही वेळानं ऊस संपतो आणि आमचा गवताचा माळ लागतो. (नेमकी जागा मुद्दाम सांगत नाही, गर्दी होईल.) चिंकारा दिसतात, खोकड दिसतं, नशीब असेल तर लांडगा.

त्या दिवशी चौघं होते. पणदऱ्याच्या शाळेतल्या शिंदे मॅडम, त्यांची बहीण, आणि पुण्याचे साठेकाका-काकू. काका नुकतेच मलेशियात समुद्रकाठच्या रेनफॉरेस्टमध्ये गाईडबरोबर फिरून आलेले. "तिथं पावलापावलाला काहीतरी दिसायचं. इथं नुसतं गवतच आहे की हो!" असं दोनदा म्हणाले. मला लागलं ते.

सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. शिंदे मॅडमनी एकदम माझा दंड धरला. "तो काय... मोर आहे का?"

पन्नासेक पावलांवर, गुडघाभर गवतात तो उभा होता. कमरेइतका उंच, पांढरीशुभ्र मान, डोक्यावर काळी टोपी. माळढोक! आमच्या भागात कित्येक वर्षांत कुणाला दिसलेला नाही. मी तर फक्त पुस्तकात बघितलेला.

"हलू नका," मी कुजबुजले. "फोटो घ्या... फक्त फोटो घ्या!"

काकांचा कॅमेरा खटाखट चालू होता, मॅडम मोबाईलवर व्हिडिओ घेत होत्या. तो आमच्याकडं बघत, उजवा पाय जरा ओढत चालत राहिला आणि उताराआड गेला. आम्ही धावलो. पलीकडं उघडा माळ. लपायला एक झुडूप नाही, आणि उडताना तर कुणीच पाहिला नव्हता.

तरी आम्ही अक्षरशः नाचत होतो! काकू माझ्या गळ्यात पडल्या. काकांनी कॅमेऱ्याची स्क्रीन उघडली... आणि तेच ते फोटो मागं-पुढं करायला लागले.

गवताचं पातं न् पातं स्वच्छ. फोकस बरोबर त्या जागेवर. पक्षी नाही. एकाही फोटोत नाही! मॅडमच्या व्हिडिओत माझा आवाज आहे, "हलू नका" — आणि समोर रिकामं गवत.

मी तिथल्या तिथं चौघांना लांब लांब बसवलं आणि काय दिसलं ते एकमेकांना न दाखवता लिहायला लावलं. चौघांनी एकच लिहिलं. पांढरी मान, काळी टोपी, उजवा पाय ओढत होता. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस, तुझ्या वॉकला कुणी येणार नाही."

घरी आले. आबा, म्हणजे माझे सासरे, अंगणात ऊन खात बसलेले. वय ऐंशीच्या पुढं. तरुणपणी त्याच माळावर मेंढरं राखायचे. मी एवढंच म्हटलं, "आबा, आज माळढोक दिसला!"

ते ताठ झाले. "लंगडत व्हता का?"

मी पायाचं अजून काहीच बोलले नव्हते!

"हो... उजव्या पायानं."

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "मीच फास लावला व्हता, पोरी. मटनासाठी. जवळ गेलो तर असा बघाय लागला... हात धजंना. फास कापला. पाय मोडला व्हता त्याचा, तसाच वढत गेला. जगला का मेला, कळलं न्हाय. तुज्या सासूलाबी कदी बोललो न्हाय."

ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एवढं कुठला माळढोक जगत नाही, हे मला कळतं. पाच जणांना एकदम एकच भास झाला, असंही मी एक वेळ मान्य करीन. पण आबांनी कुणालाच न सांगितलेला तो लंगडा पाय आम्हाला कसा दिसला? मला अजून सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर जरूर सांगा.

दुसऱ्या दिवशी आबा हट्टानं माळावर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून तासभर उभे राहिले. काहीच दिसलं नाही. मलाच वाईट वाटलं.

"आबा, उद्या परत येऊ?"

"कशाला? चालत व्हता म्हनलीस न्हवं?"

"हो. चांगला चालत होता."

"मग बास झालं," आबा म्हणाले, आणि माझ्या आधी घराकडं वळले.