ताईचा चेपा

जुन्या व्हिडिओ गेमची चेंगरलेली खोकी सरळ करून देणाऱ्या मामांना अख्खी गल्ली ‘खोकेवैद्य’ म्हणायची. एकदा एक टकलू गिऱ्हाईक चेपलेलं खोकं घेऊन आलं.

“लहानपणी ताई यावर बसली, तेव्हापासून मी तिला हत्तीण म्हणतो. परवा ती खरंच रुसली, बोलतच नाही. हा चेपा घालवा, म्हणजे चिडवणंही संपलं.”

मामांनी वाफ दिली, सुरकुत्या चमच्याच्या पाठीने दाबल्या, वर जाडजूड शब्दकोश ठेवला. खोकं कसं कोरं करकरीत!

दुसऱ्या दिवशी ताईच तणतणत आली, मागे टकलू.

“माझी खूण पुसलीत? आता हा मला हत्तीण कशावरून म्हणणार?”

 खोकं स्टुलावर ठेवत मामा म्हणाले, “बसा परत. वजन मात्र तेव्हाचंच हवं हं!”