गवताचे ससे

मेंढरं म्हटली की घंट्या आल्या. कळप दिसायच्या आधी ऐकू येतो. पण दुबलगुंडीच्या अनसाबाईचा कळप गावातून जायचा तो मुका. धुरळा उठायचा, खुरं वाजायची, बाकी काही नाही. नवखा माणूस बिचकायचा. गावातला माणूस मात्र हळूच हणमंतराव पाटलाच्या घराकडं बघायचा आणि गप बसायचा.

अनसाबाई धनगराची. नवरा तापानं गेला, लेकरूबाळ नाही, तेव्हापासून कळप तिनंच राखला. भाऊ लिंगाप्पा जोडीला होता. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात एक शब्द टिकेल तर शपथ. आणि घरातला तिसरा म्हणजे खंड्या, काळा कुत्रा. मैलारच्या खंडोबाच्या जत्रेत कुणाच्या तरी पालाबाहेर एवढंसं पिल्लू कुंईकुंई करत होतं, ते तिनं पदरात घालून आणलं. देवाच्या दारातलं म्हणून नाव खंड्या. तिच्या ताटातली अर्धी भाकरी त्याची, आणि तो रात्रभर मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघराभोवती फिरायचा. लांडग्यानं त्या कळपाचं कधी नाव घेतलं नाही.

हणमंतरावाकडं रायफल होती. मोठी नव्हे, बारकी. हैद्राबादेहून परवाना काढून आणलेली. तिचं काडतूस करंगळीच्या दोन पेरांएवढं, गोळी हरभऱ्याएवढी. वाघबिघ तिनं मरणारा नव्हे. ससा, तित्तर, फार तर रानमांजर. पण ती खांद्याला लावून पाटील शिवारात निघाला की चाल अशी, जणू खुद्द निजामानं त्याला दौलत राखायला नेमलंय!

एका सकाळी तुरीच्या रानाकडेला त्यानं एक ससा धरून ठेवला होता, म्हणजे नळीच्या टोकावर. श्वास रोखून बोट दाबणार, तेवढ्यात खंड्या झेपावला आणि ससा तोंडात घेऊन अनसाबाईकडं पळाला. कुत्र्याची जातच ती. पाटलाबरोबर आलेले दोघे खदखदा हसले. "पाटील, तुमच्यापरीस कुत्रं चलाख हाय की!" हे हसणं त्याला झोंबलं. त्यानं नळी वळवली आणि दाबलं.

आवाज तरी केवढा, सुकलेली काटकी मोडावी तेवढा. अनसाबाईला वाटलं नेम हुकला. खंड्या चालतच आला, ससा तिच्या पायाशी ठेवला आणि तिच्या मांडीला टेकून बसला. ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली, रक्त कुठं दिसेना. मग बरगडीपाशी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक लागलं बोटाला. तोवर खंड्याची मान तिच्या मांडीवर कलली होती.

ती तशीच पाटलापुढं उभी राहिली. "माझ्या खंड्याला कामून मारलं, पाटील?"

"कुत्रंच व्हतं की," पाटील म्हणाला. "माझ्या कुत्रीला पिल्लं व्हायलीत. एक घेऊन जा. आन् तो ससा दे हिकडं."

ससा उचलून तो गेला. अहो, ससासुद्धा नेला! अनसाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तोंडातून शिवी निघाली नाही. तिनं लिंबाखाली खड्डा काढला, खंड्याला घोंगडीत गुंडाळून ठेवला, वर दगड ठेवून भंडारा टाकला. मग एकेक करून सगळ्या मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या सोडल्या, गाठोडं बांधलं आणि मैलारलिंगाची आण घेतली. त्या बंदुकीच्या पोटात घालायला एक तरी काडतूस आहे तोवर तिच्या कळपात घंटी वाजणार नाही.

"अक्का, येडी झालीस का?" लिंगाप्पा म्हणाला. "त्याच्याकडं डबे भरून हायती."

"सपतील," ती म्हणाली. "म्या सपवीन. तू फकस्त मला सशाची कातडी आणून दे. आन् तोंड शिवून ठेव."

तेव्हा जर्मनची लढाई ऐन रंगात होती. मीठ, रॉकेल, कापड सगळ्याचे वांधे. गुलबर्ग्याच्या दुकानदारानं पाटलाला सांगून टाकलं होतं की आता काडतूस बघायलाही मिळणार नाही, आहेत ती जपून वापरा. ही बातमी अख्ख्या बाजाराला ठाऊक होती, अनसाबाईलाही.

लिंगाप्पा जाळं लावून ससे धरायचा. मांस त्याचं, कातडं बहिणीचं. ती कातड्यात वाळलं गवत ठासायची, घोंगडी शिवायच्या दाभणानं पोट शिवायची, डोळ्यांच्या जागी रिठ्याचं काळं बी बसवायची. कान उभे राहावेत म्हणून आत तुराटीची काडी. संध्याकाळी ऊन कलताना पाटील कोणत्या वाटेनं येतो हे तिला पाठ होतं. त्या वाटेवर, बांधाच्या पलीकडं, गवतातून दोन कान आणि थोडीशी पाठ दिसेल असा ससा ती बसवायची आणि स्वतः लांब आडव्या बांधाला मेंढरांत बसायची. कळप मुका, त्यामुळं ती आसपास आहे हे कुणाच्या बापाला कळायचं नाही.

पहिल्या दिवशी पाटलानं गोळी घातली. ससा हलला नाही. दुसरी घातली. ससा जागचा हलेना. तिसरीला कान मोडला, तेव्हा तो धावत गेला आणि गवत हातात घेऊन उभा राहिला. बांधाआड अनसाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. खंड्या गेल्यापासून ती त्या दिवशी पोटभर जेवली.

पाटील काही दूधखुळा नव्हता. पुढं तो आधी निरखून बघायला लागला. हललं तर खरं, नाही हललं तर गवत, असा त्यानं हिशेब बांधला. बाईनंही तो हिशेब ओळखला. तिनं काळ्या लोकरीचा बारीक धागा कातला, एक टोक सशाच्या कानाला बांधलं, दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. पाटील दिसला की अंगठा हलायचा, तिकडं कान हलायचा, आणि पाटील म्हणायचा, "ह्यो खरा!" ठ्ठक्. गेली गोळी. तो जवळ येईतो धागा तिनं ओढून घेतलेला असायचा. मग तो गवताच्या सशाला लाथा घालायचा, आभाळाकडं बघून कुणाकुणाच्या आया-बहिणी काढायचा. ती ऐकायची आणि मनात म्हणायची, दे मेल्या, अजून दे. तिला ते भजनापेक्षा गोड लागायचं.

असं करत करत सुगी सरली, आणि पाटलाच्या डब्यात एकच काडतूस उरलं. हे त्याच्याच गड्यानं बाजारात सांगितलं.

त्याच दिवसांत कमलनगरचे त्याचे व्याही आप्पाराव पाहुणे आले. लेकीचं सासर, म्हणजे काय मिजास! पाटलानं छाती ठोकून सांगितलं, उद्या तुम्हाला सशाचं कालवण खाऊ घालतो, एका गोळीत. सकाळी निघाले. अनसाबाईनं त्या दिवशी काहीच लावलं नव्हतं, तिच्याकडचं कातडं संपलं होतं. ती बांधावर नुसती बसून होती, हात चोळत.

आणि बघा, हरभऱ्याच्या रानात एक खरा ससा बसलेला. गुबगुबीत, दहा पावलांवर. खरा ससा भ्याला की दगड होतो, मिशीसुद्धा हलवत नाही. आप्पाराव कुजबुजले, "व्याही, मारा की. बसलाय बघा." पाटलानं रायफल खाली केली आणि शहाण्यासारखा हसला. "ह्यो गवताचा हाय, व्याही. गावात कुणीतरी मेलं माझी चेष्टा करायलंय. बघा, हलतो का? खरा असता तर कान हलवला असता." असं म्हणून तो तरातरा गेला आणि सशाच्या ढुंगणावर वहाणेची लाथ घातली.

ससा जो उडाला! पाटलाच्या गुडघ्याला थडकला, आप्पारावांच्या धोतरातून निघाला आणि दिसेनासा झाला. आप्पाराव धोतर सावरत मटकन बसले आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. पाटील लाथ घातली तसा एका पायावर उभा. बांधावरून अनसाबाई मोठमोठ्यानं हसली. पहिल्यांदा उघड हसली. पाटलानं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि गवताचे ससे कुणाचे ते त्याला कळलं.

तरी तो काही करू शकला नसता. पण लिंगाप्पा! चहाच्या दुकानात कुणी विचारलं, मेंढरं मुकी कामून रं? आणि हा शहाणा आण-शपथ सगळी ओकला. संध्याकाळपर्यंत ते पाटलाच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी पाटील आपणहून तिच्या वाटेवर आला. बंडीच्या आतल्या खिशातून त्यानं ते शेवटचं काडतूस काढलं, तिच्या डोळ्यांपुढं धरलं, परत ठेवलं आणि खिशावर दोन बोटं वाजवली.

"ही उडत नसती, अनसे. मरस्तोवर न्हाई. ठेव तुझी मेंढरं मुकी."

तेव्हापासून पाटलानं शिकार सोडली. काडतूस मात्र खिशात. नांगरताना, मळणीत, घामात, पावसात, ते अंगावरच. अनसाबाई दारावरून गेली की ओट्यावर बसून तो खिशावर बोटं वाजवायचा. "हाय बरं का!" ती मान वर करायची नाही, पण त्या दोन टिचक्या तिच्या काळजात रुतायच्या. वर्षं गेली. एका आखाडात धुक्यात कळप ओढ्याच्या दरडीला गेला, घंटी नाही म्हणून तिला कळलं नाही, आणि तिच्या जिवाची लाडकी मेंढी खाली पडून मेली. लिंगाप्पानं पाय धरले, "अक्का, बांध गं आता." ती म्हणाली, "त्याच्या खिशात हाय तोवर न्हाई." घंटीवर वाढलेली मेंढरं म्हातारी झाली, विकली, मेली. त्यांची पोरं, नातवंडं मुकीच जन्मली.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज गेलं, फौज आली, दवंडी फिरली की ज्याच्याजवळ बंदूक असेल त्यानं चावडीवर आणून द्यावी. पाटील रायफल घेऊन निघाला. अनसाबाई काठी टेकत मागं, लिंगाप्पा तिच्या मागं.

चावडीवर परमुलखातला एक शिपाई बसला होता. पाटलानं रायफल दिली, आणि खिशातून ते काडतूस काढून टेबलावर ठेवलं. ठेवताना अनसाबाईकडं बघून हसला. न उडवता दिलं, म्हणजे जिंकलो, असं ते हसणं. अनसाबाईनं शिपायाची बाही धरली.

"उडवा, बाबा. येवढी येक उडवा."

लिंगाप्पानं आपल्या मोडक्या दखनीत सांगितलं, "उडा देव साब. बाई की मन्नत है."

शिपायाला गंमत वाटली. त्यानं काडतूस भरलं, नळी आभाळाकडं केली, दाबलं. टक्. काही नाही. काढून फिरवून पुन्हा भरलं. टक्. शिपायानं ते दोन बोटांत धरून बघितलं. कड हिरवी पडली होती.

"ये तो कब की मर गई," तो म्हणाला आणि गटारीत टाकलं.

पाटलाची बोटं सवयीनं खिशाकडं गेली आणि रिकाम्या बंडीवर थांबली. अनसाबाईनं त्याच्या डोळ्यांत डोळा घातला.

"कवा मेली ही, पाटील? पयल्या पावसात का दुसऱ्या?"

"मला काय ठावं," पाटील म्हणाला. त्याचा चेहरा राखेगत झाला होता.

ती घरी आली. म्हणजे बंदूक कधीचीच रिकामी होती, आणि ती लाडकी मेंढी उगीच गेली. तिनं कपाळावर हात मारून घेतला, मग गाठोडं सोडलं. सगळ्यात मोठी घंटी चिंचेनं घासली, भंडारा लावला आणि म्होरक्या एडक्याच्या गळ्यात बांधली. एडक्यानं मान हलवली. घंटी वाजली, आणि अख्खा कळप भूत बघितल्यासारखा त्याच्यापासून पळाला. तो जवळ जायला धावे, मेंढरं आणखी लांब पळत. त्यांनी जन्मात घंटी ऐकलीच नव्हती. शेवटी अनसाबाईनं एडका धरला, घंटी काढली आणि तिथंच मातीत बसून रडली. खंड्यासाठी रडली नव्हती तेवढी रडली.

मग उठून तिनं ती घंटी स्वतःच्या कमरेला बांधली.

त्या दिवसापासून दुबलगुंडीत मेंढरांच्या आधी अनसाबाई ऐकू यायची. लिंबाजवळ खंड्याच्या दगडापाशी ती थांबायची, कंबर हलवून घंटी वाजवायची आणि पुढं निघायची. पाटलाच्या दारापुढं मात्र मुद्दाम सावकाश चालायची. आवाज आला की हणमंतराव ओट्यावरून उठायचा, आत जायचा आणि कडी लावून घ्यायचा. तो मरेपर्यंत तिनं वाट बदलली नाही.