बारवेतली बाई

दत्तूमामा गेल्याचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. मामीच्या भावानं खाली लिहिलं होतं, "बारवेतल्या बाईनं शेवटी नेलंच." मला संताप आला. आता महिना होत आला, तो अजून उतरत नाही.

मामा जामखेडकडच्या एका खेड्यात मास्तर होते. बारवेच्या शेवाळल्या पायऱ्यांवरून एक मुलगी घसरली, थोडक्यात वाचली. मुलांनी तिकडे फिरकू नये म्हणून मामांनी एक बाई रचली. भर दुपारी तिसऱ्या पायरीवर बसते, नाव विचारते, ओ दिली की संपलं! सांगायचे असं, की ऐकताना माझीही बोबडी वळायची. वर्षभरात बायका तिथं नारळ ठेवू लागल्या, आणि एका म्हातारीला तर ती स्वतःच्या लग्नाच्या वर्षी दिसलेली आठवली.

मग लढाईच्या दिवसांत पाऊस दोनदा हुकला. पाणी उरलं ते बारवेतच, आणि गाव नदीतल्या खड्ड्यांतलं गढूळ पाणी पीत होतं. पोरांना हगवण लागली, दोन दगावली. मामा चावडीवर हात जोडून म्हणाले, ती बाई खोटी, मी रचलेली. पाटील शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी रचली असंल. पन आमी पाह्यलीय की."

त्या दिवसापासून मामा रोज सगळ्यांदेखत बारवेत उतरून तेच पाणी पीत. पण पुढे हिवतापानं गाठलं, आणि गावाला पुरावा मिळाला...

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मामीला सांभाळू, शाळा बंद पडू देणार नाही, सगळं कबूल करून झालं. मामांची इच्छा काय होती ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बारवेचं पाणी पिऊ, एवढंच कुणी म्हणेना. मी पुढे झालो, तर मामी हळूच म्हणाली, "तू उद्या नगरला जाशील रे. मला इथंच राहायचंय." मी, शिकलासवरलेला भाचा, मागे सरलो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परवा मामीचं पत्र आलं. बायकांना म्हणे आता मास्तरही पायरीवर बसलेले दिसतात, येणारीला कळवळून सांगतात, पाणी चांगलं आहे, भरून न्या. म्हणून आता तिकडची वाटसुद्धा सगळ्यांनी सोडली.