लोखंडाचा बुडखा

लोखंडाला बुडखा असतो का, यावर आमच्या घरी सबंध श्रावणभर खल चालला होता. आता कोणाला सांगितलं तर लोक हसतात. हसा बापडे. मला मात्र एवढी वर्षं झाली तरी संतापच येतो.

नाशिकला त्र्यंबकच्या रस्त्यावर आमचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं आणि त्याच्याच पाठीमागे दोन खोल्यांत आमचा संसार. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. त्र्यंबकला भाविक नेणाऱ्या मोटारी वाढल्या होत्या, घोटीहून तांदूळ घेऊन लॉऱ्या यायच्या, आणि त्या सगळ्या वाटेत कुठे ना कुठे मोडायच्या. इंजिन काढायचं म्हणजे तीन सागवानी बल्ल्या वर एकत्र बांधून केलेली तिवई उभी करायची, तिच्यावरून काथ्याचा दोर टाकायचा आणि दोघातिघांनी ओढायचं. इंजिन लोंबकळत असताना आमचे हे खाली हात घालून नट सोडवायचे. मी मागच्या दारातून बघत राहायचे आणि चुलीवरचं करपायचं.

शेवटी मीच हट्ट धरला. दोन्ही भिंतींत आडवा लोखंडी गर्डर बसवायचा आणि त्याला चेनकप्पी टांगायची. साखळी ओढली की इंजिन वर, हात थांबला की ते तिथल्या तिथे थांबतं. ह्यांनाही पटलं. मनमाडला रेल्वेच्या भंगारात एक जुना गर्डर मिळाला. तो दारात येऊन पडला, गवंड्याने भिंतींत खाचा पाडून त्यांत घडीव दगड बसवले, चुना वाळला. आता फक्त उचलून ठेवायचा होता.

तेवढ्यात मामंजी बाहेर आले.

माझे सासरे पिढीजात सुतार. अर्ध्या नाशकातल्या घरांच्या तुळया त्यांनी चढवलेल्या, यात काही खोटं नाही. लाकडाला बुडखा असतो, म्हणजे मुळाकडचं टोक, आणि शेंडा असतो. तुळई चढवताना बुडखा दक्षिणेला, शेंडा उत्तरेला, हा त्यांचा नियम. उलटी चढली तर घरातल्या कर्त्या पुरुषाच्या जिवावर येतं म्हणे. गर्डरभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "याचा बुडखा कुठला?"

"मामंजी, लोखंड काही झाडाला लागत नाही," मी दाराआडून म्हटलं.

"तुळई ती तुळई," ते ह्यांच्याकडे बघून म्हणाले. सुनेला थेट उत्तर द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

आणि ह्यांनी मान डोलावली! ज्यांचा हात रोज त्या दोराखाली असायचा, त्यांनीच.

मग काय, गल्लीला विषयच मिळाला. ज्याला स्वतःच्या घरात खुंटी ठोकता येत नाही, तोही यायचा आणि गर्डरवर पाय ठेवून मत देऊन जायचा. गर्डरच्या कडेला कारखान्याची इंग्रजी अक्षरं उठवलेली होती. एक म्हणाला, अक्षरं जिथे सुरू होतात तो बुडखा. शेजारी गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारे लोहार चाचा होते, ते म्हणाले, "हमारी उर्दू लिखाई तो उधर से शुरू होती है, मग?" झालं, त्यावर आणखी काही दिवस गेले.

शेवटी मामंजींनी लाकडाची कसोटी लावायची ठरवली. बुडखा जड असतो, त्यामुळे ओंडका मधोमध बांधून उचलला की बुडख्याचं टोक खाली झुकतं. गल्लीतले सगळे बाप्ये गोळा झाले आणि आमच्याच तिवईवर, आमच्याच दोराने त्यांनी तो गर्डर टांगला. मेलं लोखंड जराही झुकेना. बाप्ये घामाघूम. अहो, तेवढ्याच माणसांनी, तेवढ्याच घामात तो भिंतीवर चढला असता! हे मी मोठ्याने म्हटलं, तर सगळ्यांनी मिळून मला आत पाठवलं.

"श्रावण सरू दे," मामंजींनी निकाल दिला. "त्र्यंबकच्या उपाध्यांना सवड झाली की त्यांना विचारू. तोवर तिवई आहेच. माझ्या हातची आहे, तिनं कधी दगा दिलेला नाही."

तिवईने नाहीच दिला. दोराने दिला. गर्डर टांगला तेव्हाच त्याचा पीळ कुठेतरी उसवला असणार, पण बुडख्याच्या नादात दोराकडे बघतो कोण?

एका दुपारी घोटीची लॉरी आली होती आणि ड्रायव्हर घाई करत होता. मी भाकरी थापत होते. आवाज ऐकला आणि पिठाच्या हातांनीच धावले. इंजिन खाली आलं होतं, आणि इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये ह्यांचा उजवा हात होता. गर्डर दाराशी तसाच पडलेला. त्यावर कोणीतरी सदरा वाळत घातला होता.

दवाखान्यात ह्यांची दोन बोटं काढावी लागली. मामंजी खाटेपाशी बसून होते, रडले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. लेकावर त्यांचा जीव नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या जिवाला काय चाटायचंय?

बापलेक दवाखान्यात असताना मी गवंड्याला, त्याच्या गड्यांना आणि चाचांना हाक मारली आणि म्हटलं, चढवा. बुडखा कुठला ते कोणीही विचारलं नाही. केलेला चहा निवायच्या आत गर्डर दोन्ही खाचांत जाऊन बसला.

हे घरी आले त्या दिवशी मामंजी गर्डरखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग समाधानाने म्हणाले, "बरं झालं. बुडखा दक्षिणेलाच आलाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोक्यावरच्या पदराचंही भान राहिलं नाही. म्हटलं, "मामंजी, ह्यांची दोन बोटं गेली, ती कुठल्या दिशेला गेली तेवढंही सांगा."

त्यावर बोललं कोण? हेच. हाताला एवढं मोठं फडकं बांधलेलं, चेहरा पांढराफटक, आणि हे माझ्यावर ओरडले, "वडिलांशी असं बोलतात? पाया पड आधी!"

पडले. काय करणार? दातओठ खात वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. मामंजींनी हात वर केला आणि नेहमीच्याच आवाजात आशीर्वाद दिला, "अखंड सौभाग्यवती भव."