कोऱ्या रोलमधला एक फोटो

भुताखेतांची भीती मला लहानपणीही नव्हती. गावच्या तिठ्यावर उतारा म्हणून ठेवलेला नारळ मी शाळेत असताना फोडून खाल्लाय… आणि पचवलाय. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, मेकॅनिकल इंजिनिअर. कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. म्हणूनच हे लिहितोय — या गोष्टीचं कारण सापडत नाहीये.

चेन्नईत ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात नोकरी करतो. राहतो तिरुवल्लिकेणीतल्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांच्या जुन्या इमारतीत. कंपनी लांब पडते, पण समुद्र पायी अंतरावर. कंपनीतले मोहनराव — तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी — यांनी आपला जुना फिल्म कॅमेरा मला दिला. ब्लॅक अँड व्हाइट रोल घालायचा आणि घरीच धुवायचा, हा नाद त्यांनीच लावला.

पहिला रोल घातला त्याच आठवड्यात आबा, माझे वडील, गावाहून आले. आईही येणार होती. तिला समुद्र दाखवायचा हे मी नोकरी लागल्यापासून मनात धरलं होतं. पण ऐनवेळी म्हैस व्यायला झाली आणि आई मागे राहिली.

रविवारी सकाळी मरीनावर आबांना पाण्यात उभं केलं. ते आपले एका बाजूला सरकून उभे. डाव्या हाताला अख्ख्या माणसाची जागा मोकळी.

"आबा, मध्ये या की."

"हितंच बरं हाय."

"निदान हात तरी सरळ ठेवा."

"सरळच हाय की रं!"

सरळ कुठला — डावा हात बाहेर, मूठ अर्धवट मिटलेली. म्हटलं जाऊ दे, आणि बटण दाबलं. तेवढ्यात मोठी लाट आली आणि आबा धोतर सावरत असे पळाले की आसपासचे लोक हसले.

रोल संपवून परतलो. फिल्म गुंडाळताना चावी फारच हलकी फिरली. मला वाटलं, असंच असेल.

दुपारी खोलीत काम मांडलं. उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून फिल्म डब्यात भरायची असते. चेन्नईच्या घामानं ती बोटांना चिकटत होती. नळाचं पाणी कढत, म्हणून खालच्या ज्यूसवाल्याकडून बर्फ आणून डबा त्यात ठेवला. आबा खाटेवरून बघत होते.

"इंजिनेर झालास आन्‌ दारू गाळतोयस व्हय?"

फिल्म बाहेर काढली. सगळी कोरी. कडेचे आकडे मात्र स्वच्छ उमटले होते, म्हणजे केमिकल बरोबर. चूक माझीच — फिल्मचं टोक पुढच्या चाकात अडकलंच नव्हतं. मी खटाखट फोटो काढत होतो आणि फिल्म जागची हललीच नव्हती. असा रोल कोराच निघायला हवा.

पण बरोबर मध्यावर एक फोटो होता.

आबांनी पट्टी खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, त्यांची पांढरी टोपी काळी. आणि शेजारी, त्या मोकळ्या जागेत, पदर खोचलेली बाई. काळ्या कपाळावर पांढरं गोंदण. आबांच्या मुठीत तिचं मनगट.

"ही कवा आली?" आबा म्हणाले.

मी मोबाईलवर पट्टीचा फोटो काढून काळं-पांढरं उलटं करून पाहिलं. आई. घोट्यापर्यंत पाण्यात.

लगेच घरी फोन लावला. उचलला नाही. परत लावला… परत. मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. मनात जे येत होतं ते आबांपुढे बोलता येत नव्हतं. त्यांनी टोपी घातली, पिशवी भरायला घेतली. "गाडी किती वाजता हाय बघ," एवढंच म्हणाले.

मग फोन वाजला.

"किती रं फोन! गोठ्यात हुते. म्हशीला रेडी झाली."

"तू… बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? सकाळी गोठ्यातच डोळा लागला तेवढा. आन्‌ तुझ्या आबाला सांग, लाट आल्यावर बायकूचा हात सोडून पळत नसत्यात!" आणि हसली.

मी तिला फोटोचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आबांकडे स्वतःचा फोन नाही, आणि दिवसभर ते माझ्यासोबतच होते. त्यांच्याकडे पाहिलं तर ते आपला डावा तळहात बघत बसले होते.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मोहनरावांना पट्टी दाखवली. त्यांनी ती कितीतरी वेळ उजेडाला धरली. "फिल्म हललीच नाही की. मग हा कसा पडला? अय्यो… मला ठाऊक नाही बाबा," म्हणाले आणि पट्टी लगेच परत दिली. त्यानंतर मी कितीतरी रोल धुतले. मुद्दाम फिल्मचं टोक सोडून, तशीच चूक करूनही पाहिली. प्रत्येक वेळी कोरी. कोणाला यातलं काही कळत असेल तर सांगा, मला हे सुखानं बसू देत नाही.

दिवाळीच्या आधी आईला म्हटलं, "आता रेडी मोठी झाली. या वेळी तरी ये, समुद्र दाखवतो."

"बघिटला की रं," ती सहज म्हणाली. "परत कशाला?"