बारा नग, चालू स्थितीत

आमच्या मुलींच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, इथं सांगण्यासारखं काय घडणार? आता मी सांगायला बसले की मैत्रिणी म्हणतात, "थांब, आधी चहा टाकते!" किस्से इथं मशीनवरच्या जुन्या व्हर्जनसारखे साचतात. रोज एकाची भर पडते आणि काढत कोणीच नाही.

*

बारा मशीन, सगळ्यांवर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. लॅबप्रमुख बोरकुटे सर, रिटायरमेंटला आलेले. स्क्रीनवर अपडेटची सूचना आली की सर ओरडायचे, "हात नोको लावू! बिमारी हाय ते!" मग मुली 'नंतर'वर क्लिक करायच्या. वर्षभरात सगळ्यांना हमखास जमलेलं हे एकच प्रॅक्टिकल!

तरी कोणीतरी चुकून 'होय' दाबायचंच. नवं व्हर्जन यायचं, जुनं जागेवर बसून राहायचं. मशीन सुरू केलं की सात नावांची यादी दिसायची. सर सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं निवडायला लावायचे.

"सर, बाकीची सहा ठेवलीत कशाला?"

"पोरी, म्हाताऱ्या माणसाले घराबाहेर काढते का कोणी?"

"काम अडवून बसला तर काढावं लागतं," असं मी म्हणणार होते. समोर कोण बसलंय ते पाहिलं आणि यादीतलं सगळ्यात खालचं नाव निवडलं.

*

सरांची प्रोग्रामिंगची वहीही त्याच व्हर्जनच्या वयाची. नव्या व्हर्जनसोबत येणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत छापायच्या मजकुराला कंस घालावेच लागतात. जुन्यात नाही घातले तरी चालायचं. सरिता नावाची मुलगी मोबाइलवर बघून नवं शिकली, तिनं पेपरात कंस घातले. सरांनी एक मार्क कापला.

"चुकलं काय सर?" मी विचारलं.

"चुकलं नाई. पण मी शिकवलं नसतानी लिवलं काऊन?"

*

मग विद्यापीठाचं पत्र आलं. सोमवारी ऑनलाइन परीक्षा. लॅबमध्ये नवं व्हर्जन असेल तरच केंद्र इथं, नाहीतर चंद्रपूरला. म्हणजे सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागे एसटीत अर्धा दिवस. सरिताचे बाबा तळ्यावर मासे धरतात. त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, "इथी झाली तं दे. तिकडं एकटी नाई जाचं." ती लॅबच्या दारात येऊन रोज एवढंच विचारायची, "मॅडम, होते ना इथी?"

नवं टाकायला गेले तर मशीन म्हणालं, जागा नाही. सात म्हातारे ठाण मांडून बसलेले! मी म्हटलं, काढते. सरांनी कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढलं. टेबल, खुर्च्या, पंखे आणि त्याखाली सरांच्या सुवाच्य अक्षरात: 'लिनक्स, जुने, नग १२.'

"निर्लेखन झाल्याबिगर वस्तू काढता येत नाई."

निर्लेखन म्हणजे मोडकी खुर्ची समितीला दाखवून रजिस्टरमधून रीतसर उडवणं. मी हसले. सर हसले नाहीत.

*

समिती आली. मराठीच्या मॅडम, खेळाचे सर आणि हेडक्लार्क. दारात रोजच्यासारखी सरिता.

"वस्तू कुठी हाय?" हेडक्लार्कनं विचारलं.

मी स्क्रीन दाखवली. खेळाच्या सरांनी मशीनच्या डब्यावर दोन टिचक्या मारल्या, कबड्डीच्या मॅटचा दर्जा तपासावा तशा. मराठीच्या मॅडमनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "फार जुनी वाटत नाही."

हेडक्लार्कनं रकाना वाचला. "वस्तूची स्थिती?"

"चालू," मी खरं ते सांगितलं.

"मंग नाई होत! चालू वस्तू काढता येत नाई."

"मोडू का मग?"

"वस्तू मुद्दाम मोडणं गुन्हा हाय, मॅडम!"

समितीनं चहा घेतला आणि अहवाल दिला: बारा नग, चालू स्थितीत, कायम ठेवावेत.

*

शनिवारी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. मुलींची यादी पुढं ठेवली. त्यांनी यादीतली नावं मोजली. मग सुवर्णमध्य निघाला. "काढा. पण फेकू नका. काढलेली वस्तू स्टोअरला जमा करा, पोच घ्या."

वाद घालायला वेळ नव्हता. बारा पाकिटं घेतली. प्रत्येकावर मशीनचा नंबर टाकून लिहिलं, 'लिनक्स, जुने, नग १'. आत काहीच नाही. खळ लावून बंद केली, सरांच्या सह्या घेतल्या. स्टोअरच्या नैताम भाऊंनी एक पाकीट हातात तोललं.

"हलकं हाय जी."

"नाजूक वस्तू आहे, भाऊ."

"सीलबंद हाय ना? मंग झालं." पाकिटं फुटबॉलच्या जाळ्याशेजारी रॅकवर गेली. पोच मिळाली.

मी जुनी व्हर्जन काढायची एका ओळीची कमांड दिली. एका मशीनला दोन मिनिटं लागली. सर पूर्ण वेळ हात जोडून उभे होते. रविवारी बाराही मशीनवर नवं व्हर्जन चाललं.

*

सोमवारी पहिली बॅच बसली. बारा मशीन, बारा मुली, चार नंबरवर सरिता. तिची बोटं भराभर चालत होती, कंसांसकट. सर पाठीमागून फेऱ्या मारत होते.

अर्धा तास झाला असेल. दारात नैताम भाऊ. हातात कुरतडलेली पाकिटं.

"सर, घात झाला! रात्रीतून तीन नग उंदरानं खाल्ले!"

सरांचा चेहरा पांढराफटक. "कोणते?"

"चार, सात आन् नऊ."

"तरी मी म्हणत होतो! मशीनमंदी होते तवर सुरक्षित होते!" सर धावत चार नंबरपाशी पोचले. "उठ वं पोरी, उठ! तुया मशीनचं उंदरानं खाल्लं!"

सरितानं मान वर केली नाही. पुढचा कंस टाकला.

"चालू हाय, सर. काढता येत नाई."