लिहिलंय तेवढंच वाच

या सदरातले अनुभव मी वाचते ते चुका काढायला, हे आधीच कबूल करते. कुणाला वाटेत उलट्या पायांची बाई भेटते, आणि सांगणारा मात्र तिचे पाय नीट बघेपर्यंत तिथेच थांबलेला असतो! जन्मभर इंग्रजी शिकवलं, लाल पेन हाताला चिकटलं ते चिकटलंच. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण सत्तरी उलटली आहे, दमायला होतं आणि हे एक सांगायचं राहिलंय...

जागा सोलापूर, शुक्रवार पेठ. एका तेलाच्या दुकानामागे दोन खोल्या, वर पत्रा. काळ बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी पत्र्याखाली काढलाय, त्यांना जास्त सांगायला नको. घरात माणसं दोनच. मी बी.ए. झालेली, एका शाळेत तात्पुरती शिक्षिका. आणि माझी थोरली बहीण, आक्का. तिचं सासर मोहोळचं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, सासरच्यांनी परत पाठवलं, आणि तेव्हापासून ती सोलापुरात बिड्या वळत होती. शिक्षण मराठी चौथी. माझं कॉलेज तिच्या जिवावर झालं, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे सांगायला जड जाईल.

मला पुण्यातल्या एका संस्थेत पुढचं शिकायला जायचं होतं. इंग्रजी शिकवण्याचा दोन वर्षांचा कोर्स. लेखी परीक्षा व्हायची, ती मी दोनदा पास झाले. मग तोंडी. समोर एक उतारा ठेवायचे, तो मोठ्याने वाचायचा, मग शब्दांचे अर्थ सांगायचे. तिथे दोन्ही वर्षं मी आपटले. पहिल्या वर्षी तर माझं वाचन सुरू झालं आणि समोरचे एक गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले, ते शेवटपर्यंत. मराठी शाळेत शिकलेली मुलगी मी, सगळं इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं. कानावर पडणार तरी कुठून?

ही तिसरी खेप. नातेपुत्याहून दादाचं पत्र आलेलं होतं — यंदा झालं तर ठीक, नाहीतर गावी ये. अकलूजचं स्थळ आहे, खताचं दुकान आहे, मुलगा सालस आहे. दादा वाईट नव्हता हो. दमला होता. आम्ही सगळेच दमलो होतो. सकाळी शाळा, दुपारी दोन शिकवण्या, पाच वाजता घरी आले की अंग आंबून गेलेलं असायचं. मग पाच ते दिवेलागण आमचा अभ्यास. आमचा म्हणजे माझा आणि आक्काचा.

पद्धत आक्कानेच काढलेली. एका वहीत मी तीन रकाने आखले होते. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचा उच्चार मराठी अक्षरांत, तिसऱ्यात अर्थ. आक्का मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात कातरलेली पानं, तंबाखू, दोरा. वही समोर जमिनीवर उघडी, तिच्यावर कात्री ठेवलेली, पान उडू नये म्हणून. ती मधला रकाना मोठ्याने वाचायची, मी भिंतीला टेकून, डोळे मिटून, स्पेलिंग आणि अर्थ सांगायचे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा बांधून होईपर्यंत एक पान संपलं पाहिजे, असा तिचा नेम. हाताला तंबाखू म्हणून ती वहीला बोट लावायची नाही. पान उलटायला मला उठवायची.

"ऊठ गं परीक्षेवाले, पान संपलं," म्हणायची.

आता वहीतले उच्चार कुठून आले, तर माझ्या डोक्यातून. माझ्याजवळची डिक्शनरी जुन्या बाजारातली, तिच्यात उच्चार दिलेलेच नव्हते. मग स्पेलिंग दिसेल तसा उच्चार. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी तेच केलंय.

सुरुवात झाली ती 'एपिटोम' या शब्दापासून. वहीत तसंच लिहिलेलं. आक्का म्हणाली, "एपिटमी."

मी डोळे न उघडता म्हणाले, "एपिटोम गं."

"व्हय, त्येच," ती म्हणाली आणि हातातली बिडी बांधत राहिली.

दोन-तीन दिवसांनी 'हायपरबोल' आलं. आक्काने वाचलं, "हायपर्बली."

मला हसूच आलं. "हे कुठलं गाव काढलंस?"

"हुबळीच्या शेजारचं असंल की," आक्का म्हणाली. दोघी हसलो. त्या उन्हाळ्यात हसलो असे दिवस फार नव्हते, म्हणून लक्षात राहिलं.

पुढेही अधूनमधून असं व्हायचं. मी म्हणायचे, जीभ वळत नसेल, दिवसभर मान खाली घालून डोळे शिणले असतील. एक गोष्ट मात्र मला तेव्हा दिसली नाही. सरळ, सोप्या उच्चाराचे शब्द ती जसेच्या तसे वाचायची. जीभ वळायची नाही ती ठरावीक ठिकाणीच.

तोंडी परीक्षेला आठ दिवस राहिले होते. त्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी सांगितलं होतं की जूनपासून तुमची गरज लागेलच असं नाही. डोकं दुखत होतं, पत्रा तापलेला होता, तंबाखूच्या धुळीने घसा खवखवत होता. वहीत शब्द होता ए-डब्ल्यू-आर-वाय. म्हणजे वाकडंतिकडं, बिनसलेलं. मी उच्चार लिहिला होता 'ऑरी'.

आक्का म्हणाली, "अराय."

मी म्हटलं, "काय?"

"अराय."

माझा पारा चढला. ताडकन उठून बसले. "आक्का, तुला इंग्रजी येतं का? नाही ना? मग कशाला मनाचं घालतेस? लिहिलंय तेवढंच वाच!"

तिचे हात थांबले. मला आठवतं त्याप्रमाणे अभ्यासाच्या वेळी तिचे हात थांबले ते पहिल्यांदाच. तिने वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बरं." पुढचे चार-पाच शब्द नीट वाचले. मग एका शब्दाशी तोंड उघडून तशीच थांबली. सुपातला हात काढून त्या शब्दाखाली बोट टेकवलं आणि हळूच विचारलं, "ह्ये काय वाचू? तूच सांग बाई."

मी वाकून बघितलं. आय-एन-डी-आय-सी-टी, म्हणजे आरोप ठेवणे. "इंडिक्ट."

"इंडिक्ट," ती म्हणाली. वहीवर तंबाखूचा पिवळट ठसा उमटला. त्यानंतर आठही दिवस तिने एक शब्दसुद्धा वेगळा वाचला नाही. अडली की मला विचारायची. मला वाटलं, चला, एकदाची शिस्त लागली.

पुण्याला सकाळच्या गाडीने गेले. समोर तिघे जण होते, मधोमध एक वयस्कर बाई, जाड भिंगाचा चष्मा. उतारा दिला. मी वाचू लागले. तिसऱ्या-चौथ्या ओळीत ए-डब्ल्यू-आर-वाय. खरं सांगते, मी ऑरीच म्हणणार होते. जीभ तशी तयारही झाली होती. पण प्रवासाने, जागरणाने, भीतीने मी इतकी थकले होते की तोंडातून गेलं ते आक्काचं — अराय. झालं, आपण चुकलो, म्हणून कान तापले.

बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, सकाळपासून तुमच्यासारख्या मराठी शाळेतल्या बऱ्याच जणांनी हा शब्द वाचला, बरोबर म्हणणारी तुम्ही पहिली. उच्चार कुणी शिकवले?

बिड्या वळणारी बहीण, असं त्या खोलीत म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "सेल्फ स्टडी, मॅडम."

पुढच्याच परिच्छेदात 'इंडिक्ट' आला. मी खणखणीत आवाजात 'इंडिक्टेड' वाचलं. बाईंनी पेन्सिलीने टेबलावर टक्क केलं आणि म्हणाल्या, "इंडायटेड." माझ्या डोळ्यांपुढे आक्काचं ते उघडं राहिलेलं तोंड आलं. उरलेला उतारा कसा वाचला ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत नाव लागलं. अगदी शेवटी, पण लागलं. अकलूजचं दुकान टळलं.

परत आले त्या संध्याकाळी आक्काला म्हटलं, "आक्का, खरं सांग, अराय तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? तूच लिवलंयस की."

"मी ऑरी लिहिलंय."

"न्हाय बाई." तिने लुगड्याला हात पुसले, वही पुढे ओढली, बरोब्बर त्या ओळीवर बोट ठेवलं. ते बोट अक्षराअक्षराखाली सरकत गेलं — "अ... रा... य. ह्ये बघ."

मी बघत होते. बोटाखाली माझ्या निळ्या शाईत, माझ्या अक्षरात, ऑरी लिहिलेलं होतं. दोनच अक्षरं. तिचं बोट तीनदा टेकलं.

"आणि हे?" मी ठसा असलेली ओळ दाखवली.

"इंडाइट. पर अरायवानीच वाटलं, तू परत चिडशील म्हनून तुलाच इचारलं; तू इंडिक्ट म्हनलीस, म्हनून म्हनलं. मला वाटलं, तुमच्या इंग्रजीत लिवत्यात एक आन् म्हनत्यात एक."

ते खरंच होतं म्हणा. मी हसले आणि मग मला रडू आलं. आक्काला वाटलं, पुण्याला जायचं म्हणून रडते. म्हणाली, "जा की गं. मी लई दिस हितं हायेच." बाई काय म्हणाल्या ते सगळं मी तिला सांगितलं. त्यांनी कुणी शिकवलं विचारलं, आणि मी काय उत्तर दिलं, तेवढं सांगितलं नाही.

पुण्यात उच्चारांची चांगली डिक्शनरी हाती आली तेव्हा वहीतला एकेक शब्द ताडून पाहिला. एपिटमी, हायपर्बली... आक्काची जीभ जिथे जिथे वळली नव्हती, तिथे तिथे माझं लिहिलेलं चूक होतं. मी खुलासे शोधले. शेजारचा रेडिओ? असले शब्द रेडिओवर रोज कोण बोलतं? माझ्या नकळत मीच झोपेत वगैरे बोलले असेन? पण मलाच ठाऊक नव्हतं ते मी झोपेत कुठून बोलणार? डोळ्यांचा दोष म्हणावा, तर दोष असा नेमका चुकीच्या शब्दांवरच येऊन बसतो का? कशाचाच मेळ बसला नाही. आक्काला नंतर एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नेलं, त्यांनी नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं.

मी प्राध्यापक झाले. आक्काला पुण्याला आणलं, बिड्या सुटल्या, खोकला सुटला नाही. त्यातच ती गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. 'सेल्फ स्टडी'चं तिला सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि सांगितलं नाहीच.

वही माझ्याकडे आहे. उघडली की अजून तंबाखूचा वास येतो. कधीकधी त्या ओळीवर मी तिच्यासारखं बोट ठेवते, हळूहळू सरकवते, डोळे बारीक करून बघते. ऑरी. प्रत्येक वेळी ऑरीच. मला लिहिलंय तेवढंच वाचता येतं.